विचार करून कळवतो

शुक्रवार, १ ऑगस्ट
इंटर्नशिप काल संपली. आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांच्या उमेदीच्या काळाची नीट नोंद नसते, मग पुढे चरित्र लिहिणाऱ्याची पंचाईत होते. माझ्या बाबतीत ती होऊ नये.

वस्तुस्थिती अशी: कंपनीने मला रिटर्न ऑफर, म्हणजे इंटर्नशिपनंतरची कायमची नोकरी, दिलेली नाही. म्हणजे अजून दिलेली नाही. आम्ही दोघे इंटर्न होतो, मी आणि होयबा. होयबा हे त्याचं खरं नाव नव्हे. आमच्या टीमच्या मॅडमनी काहीही सांगायला तोंड उघडलं की वाक्य संपायच्या आत हा हो म्हणतो, म्हणून मी ठेवलेलं. त्याला ऑफर मिळाली.

मागच्याच आठवड्यात मॅडमनी आम्हा दोघांना कॉफी मशीनपाशी गाठून सहज विचारलं होतं, पुढे इथेच काम करायला आवडेल का. होयबा हो म्हणून मोकळा झाला. मी शांतपणे साखर ढवळली आणि म्हणालो की विचार करून कळवतो. याला निगोशिएशन म्हणतात. भाव वाढवायचा तर पुरवठा आखडता घ्यावा लागतो, हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे. मॅडम बरं म्हणाल्या आणि कप घेऊन गेल्या. बरं म्हणताना त्यांच्या डोळ्यांत माझ्याविषयी आदर दिसला.

शनिवार, २ ऑगस्ट
आईने विचारलं, नोकरीचं काय झालं. प्रोसेसमध्ये आहे असं सांगितलं. आईने मावशीला फोनवर सांगताना नोकरी लागली असं सांगितलं. दुरुस्त करणार होतो, पण मोठी माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालू नये.

बुधवार, ६ ऑगस्ट
कंपनीचा फोन नाही. मेल नाही. स्पॅम तपासलं. स्पॅममध्ये केस गळण्यावर उपाय आला आहे.

शुक्रवार, ८ ऑगस्ट. सकाळी.
मोठा निर्णय. शेअर बाजारात स्टॉप-लॉस नावाची शिस्त असते. शेअर पडायला लागला तर कुठल्या भावाला विकून बाहेर पडायचं हे आधीच ठरवून ठेवायचं. मग आशा नको, रडारड नको. ही शिस्त मी आता नोकरीच्या शोधाला लावणार आहे. प्रत्येक अर्जापुढे एक तारीख टाकायची. त्या तारखेपर्यंत होकार आला नाही, तर त्यांचा नकार यायच्या आत आपणच माघार घेतल्याचं कळवायचं. यापुढे मला कोणीही नाकारू शकणार नाही. नाकारायचंच असेल तर मी नाकारीन.

हे आजवर कोणाला सुचलं कसं नाही, याचंच आश्चर्य वाटतं.

पहिला मान जुन्या कंपनीचा. एचआरला मेल केला: पूर्ण विचारांती कायमच्या जागेच्या शर्यतीतून माघार घेत आहे, माझ्यामुळे टीमचं नियोजन अडकू नये, क्षमस्व.

संध्याकाळी.
उत्तर आलं. एचआरवाल्या बाई लिहितात की अशा कोणत्याही शर्यतीत माझं नाव नसल्यामुळे माघार नोंदवता येत नाही. म्हणजे नोंदवायची इच्छा आहे, पण सिस्टिममध्ये सोय नाही. पुढे शुभेच्छा. त्याही पुढे, मी ऑफिसचं कार्ड परत केलेलं नाही, ते कृपया आणून द्यावं.

कार्ड मी मुद्दाम ठेवलं होतं. परत बोलावल्यावर त्यांना नवं बनवायला लागू नये म्हणून. चांगुलपणाचा जमाना राहिला नाही.

सोमवार, ११ ऑगस्ट
कार्ड द्यायला गेलो. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट. कोणाला वाटू नये की हा घरी बसलेला आहे. गेटवर सवयीने कार्ड लावलं. लाल दिवा. शर्टाला पुसून पुन्हा लावलं. लाल. उलटं करून लावलं. मागे रांग लागली. तेवढ्यात होयबा आला, त्याने आपलं कार्ड लावून गेट उघडलं आणि मला आधी जा म्हणून हात केला. मी म्हटलं की मला आत जायचंच नाहीये. मग इथे काय करतोयस, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, यंत्रणेची चाचणी.

सिक्युरिटीवाल्याने कार्ड घेतलं आणि खणात टाकलं. त्या खणात अशी बरीच कार्डं होती. फोटोतले सगळे हसत होते.

गुरुवार, २१ ऑगस्ट
बाबांनी जेवताना विषय काढला. बाबांचं नळ, शॉवर आणि पाइप विकायचं दुकान आहे. काउंटरवरचे काका गुडघ्यांमुळे सप्टेंबरअखेर काम सोडणार आहेत. बाबांचं म्हणणं, तोवर नोकरी मिळाली तर उत्तम, नाहीतर एक ऑक्टोबरपासून मी काउंटरवर. आवाज चढवला नाही. बाबा आवाज चढवत नाहीत, तीच तर अडचण आहे.

मी कंपन्यांचं मूल्यांकन करायला शिकलो ते वॉशर विकायला नव्हे, हे मी ठणकावून सांगितलं. खोलीत येऊन.

धाकटी बहीण दुसऱ्या वर्षाला आहे आणि कॉलेज सुटलं की दुकानात बसते. तिने विचारलं की तिला घेतलं तर चालणार नाही का. बाबा म्हणाले की आधी शिक्षण पुरं कर. मला तिचा मुद्दा पटला. तिची बुद्धी त्याच लायकीची आहे.

मंगळवार, २ सप्टेंबर
बँकेत इंटरव्ह्यू. टेबलापलीकडे तिघे जण, तिघांनाही एकच पेन. आधीच्या कंपनीने रिटर्न ऑफर का दिली नाही असं विचारलं. मी ताठ मानेने सांगितलं की मीच माघार घेतली. कधी घेतली, असा पुढचा प्रश्न. त्यांनी ऑफर न दिल्यानंतर, असं मी प्रामाणिकपणे सांगितलं. पेन ज्याच्याकडे होतं त्याने काहीतरी लिहिलं आणि मग टोपण लावलं.

स्टॉप-लॉस लिफ्टमध्येच लागू केला. तळमजला यायच्या आत माघारीचा मेल गेला. बँकेचा नकार संध्याकाळी आला. म्हणजे या फेरीत मी जिंकलो.

मंगळवार, ९ सप्टेंबर
विमा कंपनीतून माघार. म्युच्युअल फंडातून माघार. एका ब्रोकरच्या ऑफिसातून माघार घेतली, त्यांनी उलट विचारलं की आपण कोण. आजवर एकही नकार पचवावा लागलेला नाही. होयबा तरी असं म्हणू शकेल का?

आईने विचारलं, रुजू कधी व्हायचं. मावशी विचारते आहे म्हणे.

बुधवार, १७ सप्टेंबर
आज वेगळं घडलं. सावकाश लिहितो.

दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर तीन खोल्यांचं ऑफिस. लहान कंपन्यांचे हिशेब वाचायचे आणि कुठे पैसे गुंतवावेत ते मोजक्या लोकांना सांगायचं, एवढंच काम. मालकीणबाई चष्मेवाल्या. एक चष्मा नाकावर, एक डोक्यावर, आणि तिसरा सापडत नव्हता. खालून दात कोरल्याचा आवाज येत होता. अशा जागी माझ्यासारख्याने काय करायचं, असं आत शिरताना मनात आलं.

बाईंनी एक वार्षिक अहवाल हातात दिला आणि खटकेल ते सांगायला सांगितलं. कंपनी नळ बनवणारी निघाली. विक्री वाढलेली, नफा वाढलेला, अध्यक्षांचा फोटोही मोठा. पण हे नळ मला माहीत आहेत. बाबांच्या गोदामात त्यांची खोकी छतापर्यंत गेली आहेत, गिऱ्हाइकं नळ गळतात म्हणून परत आणून देतात. मी सांगितलं की हा माल विकला गेलेला नाही, दुकानदारांच्या गळ्यात मारला गेला आहे, पुढच्या वर्षी हा सगळा परत येईल आणि खरा नफा तेव्हा कळेल. बाईंनी नाकावरचा चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. कशावरून, असं विचारलं. मी म्हणालो, फील्ड रिसर्च. त्या खूप वेळ हसल्या. मग त्यांनी चहा मागवला, आणि आम्ही त्या अहवालाच्या मागच्या बारीक टिपा वाचत बसलो. जेवायची वेळ कधी टळून गेली ते मला कळलं नाही.

पुढच्या आठवड्याच्या अखेरीस कळवते म्हणाल्या. त्याआधी माझ्या जुन्या मॅडमशी बोलतील.

मला ही नोकरी हवी आहे. फार हवी आहे. हे इथे लिहिलं तर चालेल, कोणी वाचणार नाही. स्टॉप-लॉस: शुक्रवार, २६ तारीख, दुपार.

सोमवार, २२ सप्टेंबर
काही नाही. मॅडमशी बोलल्या असतील का? मॅडम काय सांगतील? मॅडमच्या हाताखाली मी एकही चूक केलेली नाही. निदान सापडलेली नाही.

गुरुवार, २५ सप्टेंबर
काही नाही. घरातल्या घरात येरझाऱ्या. धाकटी म्हणाली की सरळ फोन करून विचार. तिला बाजाराची मानसिकता कळत नाही. आपण विचारलं की भाव पडतो.

तिने असंही विचारलं की त्यांनी नाही म्हटलं तर काय होईल. काय होईल म्हणजे? नाही म्हणतील. यावर ती म्हणाली की तेच विचारतेय, मग पुढे काय होईल. मी येरझाऱ्यांची लांबी वाढवली.

शुक्रवार, २६ सप्टेंबर. दुपारी.
सकाळपासून फोन समोर ठेवून बसलो. फोन काही मुका झाला नव्हता, कारण मावशीचा येऊन गेला. बारा वाजले. बाईंना हो म्हणायचं असतं तर एव्हाना म्हणाल्या असत्या. लोक चांगली बातमी लगेच कळवतात, वाईट बातमीला शब्द शोधत बसतात. त्या शब्द शोधत असणार. त्या हसल्या होत्या, चहा मागवला होता, आणि आता त्याच नाही म्हणणार. ते मला वाचायचं नव्हतं. बँकेचं वाचता आलं, यांचं नसतं आलं.

शिस्त म्हणजे शिस्त. मेल केला. सविनय माघार.

त्याच दिवशी, चार वाजता.
बाईंचं उत्तर. जसं आहे तसं उतरवण्याची ताकद नाही, सारांश लिहितो. सकाळी त्या खालच्या दवाखान्यात दाढेचं काम करून घेत होत्या. अर्धं तोंड बधिर होतं, बोलता येत नव्हतं, म्हणून फोन दुपारनंतर करायचा ठरवला होता. ऑफर टाइप करून ठेवली होती. जुन्या मॅडमनी सांगितलं होतं की मुलाचं काम चोख आहे, डोकं चांगलं आहे, फक्त विचारलेल्याचं उत्तर देत नाही. बाईंना वाटलं होतं की तेवढं चालवून घेऊ. पण आता माझा मेल आला आहे, आणि त्या माझ्या निर्णयाचा आदर करतात.

मी ताबडतोब माघारीतून माघार घेणारा मेल केला. मग फोन केला. मग पुन्हा फोन केला. तेव्हा त्यांनी उचलला. बोलणं थोडं बोबडं होतं पण प्रेमळ होतं. म्हणाल्या की दुसऱ्या क्रमांकावर एक मुलगी होती, तिला फोन केला, ती फोनवरच हो म्हणाली.

सगळीकडे होयबांचंच राज्य आहे.

शनिवार, २७ सप्टेंबर
नियम चुकीचा नव्हता. दाढ चुकीच्या दिवशी दुखली.

दिवसभर पांघरूण घेऊन पडलो. आई उशाशी येऊन बसली आणि उठून गेली. नंतर तिने मावशीला फोन करून खरं काय ते सांगितलं. भिंतीतून ऐकू आलं. माझी बाजू तिने फार चांगली मांडली.

बुधवार, १ ऑक्टोबर
दुकान. बाबांना स्पष्ट केलं की मी काउंटरवर बसतोय ते सल्लागार म्हणून, तेही तात्पुरता. बाबांनी मान हलवली आणि झाडू दिला.

गुरुवार, १६ ऑक्टोबर
दुकानात आमूलाग्र बदल. बाबा माल आकाराप्रमाणे लावतात. मी नफ्याप्रमाणे लावला. सर्वांत जास्त नफा देणारे शॉवर दाराशी, सर्वांत कमी नफ्याचे वॉशर माळ्यावर. प्लंबर सकाळी येतात आणि त्यांना फक्त वॉशर हवे असतात. दिवसभर शिडीवर होतो. एक प्लंबर खाली उभा राहून म्हणाला की हे शिकायला कॉलेज लागतं का. त्याला उत्तर दिलं नाही. वर होतो.

धाकटीने कॉलेजमधून आल्यावर वॉशर खाली आणले.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
पण एक काम झालं. गोदामातला सगळा माल कॉम्प्युटरवर घेतला. काय विकलं जातं, काय पडून राहतं, कुठली कंपनी गळ्यात मारते, सगळं समोर आलं. त्या गळक्या नळांची खोकी बाबांनी परत पाठवली, आणि यावेळी कंपनीच्या माणसाला विक्रीच्या आणि परतीच्या तारखा दाखवल्यामुळे त्याला मूग गिळून ती परत घ्यावी लागली. घरी येताना बाबा माझ्या बाजूने चालत होते. एरवी पुढे चालतात.

बाईंना हे सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर
दुकान बंद करताना बाबांनी शटर अर्ध्यावर आणलं आणि तसंच धरून उभे राहिले. माझ्याकडे पाठ होती. म्हणाले की मी दुकान कायमचं बघावं असं त्यांना फार वाटतं, पण माझं मन ऑफिसात असेल तर तेही त्यांना चालेल, वाईट वाटणार नाही. फक्त काय ते मी सांगावं. माणसाला कळलेलं बरं असतं.

बाबा इतकं सलग कधी बोलत नाहीत. हो म्हणावंसं वाटलं. नाही म्हणावंसंही वाटलं. आणि दोन्ही बाजूंनी काही हातचं जाऊ नये म्हणून, अत्यंत मुत्सद्दीपणे, मी म्हणालो की विचार करून कळवतो.

बाबा बरं म्हणाले आणि शटर खाली ओढलं. हे बरं आधी कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं.

शनिवार, २२ नोव्हेंबर
बाबांना ताटकळत ठेवणं चालू आहे. घाई केली की किंमत राहत नाही.

मंगळवार, २५ नोव्हेंबर
आज सांगणार होतो. गिऱ्हाइकं होती.

सोमवार, १ डिसेंबर
दुकानावर नवा बोर्ड लागला. दुकानाचं नाव तेच, त्याखाली लाल अक्षरांत ‘अँड डॉटर’.

चौकशी केली. बाबा म्हणाले की त्यांनी वाट पाहिली, मग धाकटीला विचारलं. तिने परीक्षा सांभाळून करते असं सांगितलं. आई म्हणाली की बाबांचं वाक्य संपायच्या आत हो म्हणाली. म्हणजे होयबा आमच्या घरातच वाढत होती आणि मला पत्ता नव्हता.

मी बाबांना स्पष्ट सांगितलं की माझा विचार जवळपास पूर्ण होत आला होता. बाबा म्हणाले, अरे, मग कळवायचं. रागावून म्हणाले असते तर बरं झालं असतं. खांद्यावर हात ठेवून म्हणाले.

बोर्डवाला शिडीवरून उतरून जाईपर्यंत मी समोरच्या फुटपाथवर उभा होतो. बोर्ड थोडा डावीकडे कलला आहे. कोणाच्या लक्षात आलेलं नाही, मी सांगितलंही नाही.

दुपारी धाकटीने गल्ल्याशी बोलावून घेतलं. दुकानाचे हिशेब आणि गोदामाचा कॉम्प्युटर बघायला तिला माणूस हवा आहे, आणि गळक्या नळांचं प्रकरण ज्याने पकडलं त्याच्याइतकं ते कोणाला जमणार नाही, हे ती मान्य करते. पण उत्तर आत्ता, इथे उभ्या उभ्या हवं. विचार करून कळवतो असा उच्चार जरी केला तर

हो म्हणालो. तिचं वाक्य संपलं नव्हतं.

तेव्हा नोंद करतो की आज मी फायनान्समध्ये लागलो. आईने मावशीला कळवलं. तूर्त इंटर्नशिप आहे, तीन महिने. नंतर ठेवायचं की नाही, ते धाकटी विचार करून कळवणार आहे.